संत्र्याच्या फोडींचा पुरावा

"माणसाच्या इतिहासात जे काही थोर घडलं, ते मध्यंतरात घडलं," असं डेस ट्रेलोरनं खणखणीत आवाजात जाहीर केलं, तेव्हा ते ऐकायला ऑस्ट्रेलियातल्या कुराबिन गावच्या मैदानावर एकंदर दोघं हजर होते. एक शेजारी कॉलिन बर्जेस आणि दुसरं कॉलिनचं कुत्रं. कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. कॉलिन म्हणाला, "हो, आणि उरलेलं चहाच्या रांगेत," आणि आपल्या सॉसेज रोलवर सॉस ओतायला लागला.

वाक्य तसं वाईट नव्हतं. डेसनं ते बरेच दिवस मनात घोळवलं होतं. क्लबच्या कार्यकारिणीपुढे टाकायच्या आधी ते कोणावर तरी करून बघावं, एवढाच त्याचा हेतू होता. कारण येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय होता, 'मध्यंतरातील संत्री'. आणि संत्री म्हणजे डेस.

गेली कित्येक वर्षं कुराबिन फुटबॉल आणि नेटबॉल क्लबच्या बारा वर्षांखालच्या मुलामुलींना मध्यंतरात संत्र्याच्या फोडी देण्याचं काम डेसकडे होतं. त्याला त्या कामावर कोणी नेमलं नव्हतं. त्याचा मुलगा खेळायचा तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी संत्री आणायची पाळी ज्या आईची होती ती आली नाही. डेसनं संत्री कापली, आणि त्यानंतर कोणी त्याच्या हातातली सुरी परत मागितली नाही. मुलगा मोठा झाला, पर्थला गेला, तिथून फोनवर "अजून कापतोस का?" असं विचारायला लागला. डेस कापतच राहिला. पाणीपुरवठा खात्यातून तो हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला तेव्हा खात्यानं त्याला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ उत्तम चालायचं, पण ते बघून कुठे वेळेवर पोचावं असा आठवड्यात एकच दिवस उरला होता.

संत्री कापण्यातही त्याचं शास्त्र होतं. संत्रं उभं कापायचं, आडवं नाही. फोडी चारच. सहा केल्या तर रस कोपरापर्यंत जातो आणि दोन केल्या तर एकट्यानं खाल्ल्याचं पाप लागल्यासारखं वाटतं. फोडी ठेवायला आइसक्रीमचा चार लिटरचा रिकामा डबा. त्याच्या झाकणावर व्हॅनिलाचे दोन गोळे आणि वर चेरी असं चित्र होतं. उन्हातान्हात ते फिकट झालं होतं, पण चेरी अजून ओळखू यायची. शिटी वाजली की चिखलानं माखलेली सगळी पोरं त्या डब्याकडे धावत सुटायची, फोड चोखून झाली की साल दातांवर बसवायची आणि एकमेकांकडे बघून नारिंगी हसायची. मोठ्या फरकानं हरत असलेली पोरंसुद्धा हसायची. डेसला त्या हसण्याचं काय वाटायचं ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. कुराबिनमध्ये असल्या गोष्टी सांगायची पद्धत नाही.

या हंगामात क्लबला नवीन अध्यक्ष मिळाली, कर्स्टी व्हीलन. पेशानं फिजिओथेरपिस्ट, पस्तिशीची, कामाला वाघ. तिच्याबद्दल वाईट बोलावं तर पंचाईत अशी की डेसचा उजवा गुडघा तिनंच बरा केला होता.

"लीगकडून सूचना आलीय," सभेत कर्स्टी म्हणाली. "मध्यंतरात मुलांना काय देतो त्याचं धोरण प्रत्येक क्लबनं लिहून द्यायचं. आणि ते पुराव्यावर आधारलेलं हवं. तर, आपण काय देतो?"

"संत्री," सगळे म्हणाले.

"का देतो?"

यावर खोलीत अशी काही शांतता पसरली की बाहेर गोलच्या खांबांवर बसलेल्या काकाकुव्यांचं भांडण स्पष्ट ऐकू यायला लागलं. क्लबच्या स्थापनेपासून हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

"डेस, तू मनाला लावून घेऊ नकोस," कर्स्टी म्हणाली. "पण संत्रं आंबट, दातांना वाईट. हात चिकट होतात. साली मैदानात पडतात आणि त्यावरून मोठी माणसं घसरतात. बरेच क्लब आता जेलीच्या पाकिटांकडे वळलेत. फाडायचं, चोखायचं, झालं."

"आणि ती पोरांना द्यायची कोणी?"

"कोणी द्यायला लागतच नाही. खोक्यातून ज्याची त्यानं घ्यायची. तीच तर सोय आहे."

ही सोय डेसच्या बरगडीत कुठेतरी जाऊन लागली. तो उभा राहिला. इतिहास आणि मध्यंतर यांच्याबद्दलचं ते वाक्य ऐन वेळी डोक्यातून साफ निघून गेलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "पुरावाच हवा ना? पुढच्या सभेला आणतो. इंटरनेटवर कोणीही उठून लिहितो तसला कचरा नव्हे. विद्वानांनी लिहिलेला आणि दुसऱ्या विद्वानांनी तपासलेला. तसा नसेल तर तो पुरावाच नाही. नाही मिळाला तर सुरी मी आपण होऊन खाली ठेवतो."

एवढं बोलून तो बसला. शेजारच्या खुर्चीवर ठेवलेलं लॅमिंग्टन, म्हणजे नारळाच्या किसात घोळवलेला चॉकलेटचा केक, मधल्या काळात कोणीतरी त्याच्या खुर्चीवर सरकवलं होतं. नारळाचा कीस पँटला लागलेला असताना घरापर्यंत ताठ मानेनं चालत जाणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

घरी नोरीन शब्दकोडं सोडवत होती. तिनं सगळी हकिकत डोकं वर न करता ऐकली आणि म्हणाली, "मुलांनाच विचार की."

"मुलं काय सांगणार?"

"खातात ती. तुझे विद्वान थोडेच खातायत."

"नोरीन, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याचं मत घ्यायचं नसतं."

"मग आपल्या लग्नाचं बरोबर चाललंय," नोरीन म्हणाली आणि कोड्यातली एक आडवी ओळ भरून टाकली.

कुंपणापलीकडून कॉलिननंही सल्ला दिला. कॉलिन आयुष्यभर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा गोल-पंच होता. पांढरा कोट घालून खांबांमागे उभं राहायचं, चेंडू मधून गेला की दोन्ही हातांची दोन बोटं बंदुकीसारखी पुढे करायची आणि दोन झेंडे हलवायचे, यापलीकडे जगात काही संदिग्ध असू शकतं हे त्याला मान्य नव्हतं. "गेला किंवा नाही गेला," तो म्हणाला. "त्यात शोधायचं काय, राव? तू सरळ संगणकावर 'संत्रं चांगलं' असं टाइप कर. ते यंत्र हो म्हणेल किंवा नाही म्हणेल."

कुराबिनला वाचनालय नाही. दर गुरुवारी सार्वजनिक हॉलसमोर एक फिरतं वाचनालय येऊन उभं राहतं. मोठी पांढरी गाडी, आत पुस्तकांचे कप्पे आणि मागच्या बाजूला एक संगणक. गाडी चालवायची, पायऱ्या खाली सोडायच्या आणि गावाच्या वाचनाची काळजी वाहायची, ही सगळी कामं इरेना वोजिक एकटी करते. मोठ्या टायपातल्या खुनाच्या कादंबऱ्या देऊन देऊन ती कंटाळली असावी. डेसनं "मला क्रीडाविषयक संशोधन बघायचंय, विद्वानांचं," असं म्हटल्यावर तिनं हातातली कादंबरी खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

"त्यासाठी राज्याच्या मोठ्या ग्रंथालयाचं सभासदत्व लागतं," ती म्हणाली. "फुकट आहे. घराच्या पत्त्याचा पुरावा तेवढा दाखवा. पाण्याचं बिल चालेल."

इथे डेस हसला. गावातल्या प्रत्येक घराच्या पाण्याच्या बिलावर एके काळी त्याचीच सही असायची. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की त्याच्या स्वतःच्या घराचं बिल नोरीनच्या नावावर आहे. अधिकाऱ्यानं स्वतःलाच बिल पाठवणं बरं दिसत नाही म्हणून तरुणपणी त्यानंच तशी व्यवस्था केली होती. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता होता, मतदारयादीचा कागद सापडेना. शेवटी नोरीन येऊन सही करून गेली. आणि राज्यातल्या सगळ्या विद्येचं दार उघडलं तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली, 'नमस्कार, नोरीन.'

डेसनं ती अक्षरं पाहिली न पाहिल्यासारखी केली आणि शोधाच्या चौकटीत दोन बोटांनी, सावकाश, शुद्धलेखन सांभाळून लिहिलं. 'महोदय, बारा वर्षांखालील मुलांना सामन्याच्या मध्यंतरात संत्र्याच्या फोडी देणे हितावह आहे किंवा कसे, याबाबत कृपया कळवावे. आपला विश्वासू, डेसमंड ट्रेलोर, हेडक्लार्क (निवृत्त).'

यंत्रानं कळवलं, 'शून्य निष्कर्ष.'

"त्याला असं लिहायचं नसतं," इरेना मागून म्हणाली. हसू आवरण्याचं शिक्षण तिच्या नोकरीत दिलं जात असावं. "त्याला सभ्यपणा कळत नाही. नुसते शब्द द्यायचे. आणि शब्दांमध्ये 'आणि', 'किंवा', 'नको' एवढंच घालायचं. 'आणि' घातलं की कमी मिळतं, 'किंवा' घातलं की जास्त मिळतं, 'नको' घातलं की ते वगळलं जातं."

डेसला ही व्यवस्था फार आवडली. इतकी की त्या संध्याकाळी नोरीननं "चहा किंवा कॉफी?" असं विचारल्यावर त्यानं तिला थांबवून हे तत्त्व समजावून सांगितलं. नोरीननं शांतपणे त्याच्यासमोर एक कप चहा आणि एक कप कॉफी आणून ठेवली. "'किंवा' म्हटलं की जास्त मिळतं, तूच म्हणालास. आता दोन्ही संपव."

पुढच्या गुरुवारी त्यानं नुसतं 'संत्रं' टाकलं. लाखो निष्कर्ष आले. झाडांच्या मुळांना होणारे रोग, रस टिकवण्याच्या पद्धती, सालीपासून तेल. 'खेळ' टाकलं तर त्याहून जास्त. 'संत्रं आणि खेळ आणि मध्यंतर आणि मुलं' असं सगळं 'आणि' लावून एकत्र बांधलं तर पुन्हा शून्य. जग डेसला एक तर सगळं देत होतं किंवा काहीच देत नव्हतं.

"मध्यंतरातलं संत्रं म्हणून शोधलं तर मिळणार नाही," इरेना म्हणाली. "विद्वान लोक त्याला तसं म्हणत नाहीत. त्यांच्या वेगळ्या संज्ञा असतात. ही बघा यादी."

यादीत मध्यंतराला 'खंडित श्रमातील विरामकाळ' म्हणत होते. मुलं म्हणजे 'पौगंडपूर्व सहभागी'. आणि संत्रं होतं 'नैसर्गिक स्रोतातील कर्बोदके'. डेस त्या यादीकडे बराच वेळ बघत राहिला. शाळेतला सोबती मोठ्या शहरात गेला, नाव बदलून राहिला, आपण त्याच्याच दारावरून दहा वेळा गेलो आणि पाटीवरचं नाव वाचून पुढे सरकलो, तसं काहीसं त्याला वाटलं. आपण जन्मभर जे करत आलो ते जगाला माहीत होतं. फक्त आपल्या नावानं नव्हतं.

नव्या नावांनी शोधल्यावर निबंध यायला लागले. डेस एकेक उघडून वाचायचा. हेडक्लार्क माणूस, तळटीपसुद्धा सोडायचा नाही. तेवढ्यात पडदा अंधारायचा आणि मध्ये प्रश्न यायचा, 'नोरीन, आपण अजून आहात का?' निवृत्तीनंतर इतक्या आपुलकीनं त्याची चौकशी कोणी केली नव्हती. ती दुसऱ्याच्या नावानं व्हावी याचं मात्र वाईट वाटायचं.

एकदा तर, चांगले बारीक निवडलेले निबंध डोळ्यांसमोर असताना, हॉलमधल्या बायकांनी चहाचं मोठं बॉयलर लावलं. गाडीची वीज हॉलमधूनच घेतलेली होती. फ्यूज उडाला, निबंध गेले.

"शोध जतन करून ठेवला होता का?" इरेनानं अंधारातून विचारलं.

"तो कुठे ठेवायचा असतो?" डेसनं विचारलं.

बायकांनी आपण होऊन एक कप चहा पाठवला. तेवढा पुरावा त्या दिवशी पदरात पडला.

जे निबंध वाचले त्यांनी विचारात मात्र पाडलं. कुठल्याशा थंड देशातले अकरा सायकलपटू, सगळे पंचविशीचे, सगळे पुरुष, सगळे आदल्या रात्रीपासून उपाशी. बंद खोलीतल्या सायकलवर त्यांना दमेस्तोवर पळवलं होतं. यातला एकही जण सकाळी दोन सॉसेज रोल खाऊन, दवानं ओल्या गवतात, वडिलांच्या ओरडण्यात खेळत नव्हता. एका निबंधात गोड पाणी तोंडात घोळवून थुंकून टाकलं तरी हुशारी येते, असं म्हटलं होतं. डेसनं ते नोरीनला सांगितलं. "करून बघ," ती म्हणाली, "पण अंगणात." कॉलिनला सांगितलं तर तो म्हणाला, "थुंकायला अकरा माणसं, आणि हे शास्त्र. आमच्या पंचांच्या खोलीत जास्त मोठा प्रयोग व्हायचा."

आणि मग, सभा जवळ येऊन ठेपलेली असताना, तो निबंध सापडला.

'ग्रामीण बालफुटबॉलमधील विरामकालीन फलवाटप: एका हंगामाचे निरीक्षण.' लेखिका, डॉ. मर्ना ऑक्सली. निबंध जुना होता, ज्या नियतकालिकात आला होता ते केव्हाच बंद पडलेलं. पण त्यात गावं होती, शनिवार होते, मुलं होती आणि संत्री होती, संत्री याच नावानं. डेसनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. पडद्यावर निबंध नव्हता, नुसता सारांश होता, आणि सारांशाचं शेवटचं वाक्य असं होतं: 'निष्कर्ष असा की, संत्र्याच्या फोडींमुळे मुलांच्या दुसऱ्या सत्रातील खेळावर...'

पुढे तीन टिंबं. टिंबांनंतर काही नाही.

"पुढचं कुठंय?" डेसनं विचारलं.

"साठवताना अक्षरांची मर्यादा संपली असेल," इरेना म्हणाली. "मूळ प्रत मागवावी लागेल. दुसऱ्या ग्रंथालयातून येते."

ते दिवस डेसनं कसे काढले ते नोरीनला विचारावं. जेवताना मध्येच चमचा थांबवून तो म्हणायचा, "खेळावर चांगला परिणाम होतो, असंच असणार. नाही तर 'निष्कर्ष असा की' म्हणून कोण सुरुवात करेल?" नोरीन म्हणायची, "वाटाणे गार होतायत."

पाकीट आलं, नोरीनच्या नावानं. आत झेरॉक्सचे स्वच्छ कागद होते. डेस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचत गेला. पद्धत, तक्ते, चर्चा. शेवटच्या कागदाच्या शेवटच्या ओळीवर लिहिलं होतं, 'निष्कर्ष असा की, संत्र्याच्या फोडींमुळे मुलांच्या दुसऱ्या सत्रातील खेळावर' आणि तिथे पान संपत होतं.

यादीतल्या नोंदीत पृष्ठसंख्या एकानं कमी पडली होती. अर्जात नोंदीतली पृष्ठं लिहिली होती. त्या ग्रंथालयानं अर्जात लिहिलेली पृष्ठं पाठवली होती. कोणीही चुकलं नव्हतं. डेसनं स्वतःच्या नोकरीत अर्जात मागितलेल्याहून एक ओळ कधी कोणाला जास्त दिली नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो खुर्चीवर बसला. तो अभिमान अजून आहे का, हे त्यानं चाचपून पाहिलं. होता, पण पूर्वीसारखा हाताला लागत नव्हता.

उरलेलं पान मागवायला वेळ नव्हता. म्हणून इरेनानं लेखिकेचाच माग काढला. डॉ. ऑक्सली विद्यापीठातून निवृत्त होऊन टास्मानियात राहत होत्या आणि मधमाश्या पाळत होत्या. त्यांना निरोप धाडला आणि दुसऱ्याच दिवशी डेसच्या घरी फोन वाजला.

"संशोधक नोरीन ट्रेलोर आहेत का?" पलीकडून विचारणा झाली.

"संशोधक कोंबड्यांना दाणे घालतायत," नोरीन म्हणाली. "बोलावते."

डेसनं धावत येऊन फोन घेतला, नावाचा घोळ समजावून सांगितला आणि श्वास पुरा व्हायच्या आत विचारलं, "डॉक्टर, ते शेवटचं वाक्य. खेळावर पुढे काय?"

"अरे बापरे," डॉ. ऑक्सली म्हणाल्या. "तो निबंध कोणी वाचलाय हेच मला नवीन आहे. थांबा हं, आठवते. हो. काहीच परिणाम होत नाही."

"काहीच?"

"मोजण्याजोगा काहीच नाही. धावणं, उड्या मारणं, चेंडू पकडणं, सगळं मोजलं. संत्री खाल्लेली आणि न खाल्लेली, अगदी सारखी. थंडीनं माझे डोळे पाण्यानं भरायचे, तरी मोजलं."

खिडकीतून डेसला कोंबड्या दिसत होत्या. त्या निर्धास्तपणे दाणे टिपत होत्या.

"एक होतं मात्र," पलीकडून आवाज आला. "ज्या मैदानावर संत्री असायची तिथं मध्यंतरात पोरं एका जागी गोळा व्हायची, हरणारी आणि जिंकणारी. नसायची तिथं ज्याच्या त्याच्या बापाच्या गाडीकडे पांगायची. आणि गाडीत काय ऐकून यायची कोण जाणे, येताना तोंडं उतरलेली असायची. मला ते फार जाणवलं होतं. पण निबंधात घातलं नाही."

"का?"

"मोजलं नव्हतं ना. जाणवलं होतं नुसतं. ते कुठे घालणार?" मग त्यांनीच विचारलं, "मिस्टर ट्रेलोर, तुमच्याकडे आहेत तेवढे कागद मला झेरॉक्स करून पाठवाल का? माझ्याकडे प्रत नाही. आणि विद्यापीठ आता मला आत घेत नाही."

सभेच्या दिवशी डेसनं कोट घातला. नोरीनची चहाची पाळी होती, म्हणून तीही बरोबर होती. वाटेत ती म्हणाली, "काय सांगणार आहेस?"

"जे छापलंय ते."

"आणि बाईंनी फोनवर सांगितलं ते?"

"ते तपासलेलं नाही. तपासलेलं नसेल तर पुरावा नाही, असं मीच म्हटलंय."

नोरीननं त्याच्या कॉलरवरचं एक पीस काढून टाकलं.

सभेत मैदानाच्या दिव्यांवर बरीच चर्चा झाली, स्वच्छतागृहाच्या दारावर त्याहून जास्त. मग विषय आला. डेस उठला आणि त्यानं सगळं सांगितलं. किती निबंध पाहिले, त्यातले किती सायकलवाल्यांचे, थुंकणारे कोण. जेलीच्या पाकिटांचंही त्यानं शोधलं होतं. तिथंही बारा वर्षांखालच्या पोरांवर कोणी काही तपासलेलं नव्हतं. शेवटी त्यानं झेरॉक्सचे कागद सरळ केले.

"आपल्यासारख्याच गावांवर लिहिलेला निबंध एकच आहे. त्याचं शेवटचं पान माझ्याजवळ नाही, पण ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारलं. संत्र्याच्या फोडींमुळे मुलांच्या खेळावर काहीही परिणाम होत नाही." त्यानं कागद खाली ठेवले. "मी पुरावा आणतो म्हणालो होतो. हा आणला. बाकी मी जे म्हणालो होतो तेही लक्षात आहे."

कॉलिननं दोन्ही हात टेबलाखाली घेतले, जणू गोल झाला की नाही हे त्याला प्रथमच कळत नव्हतं.

"अजून काही सापडलं?" कर्स्टीनं विचारलं. तिचा आवाज रोग्याशी बोलतानाचा झाला होता.

"सापडलं. पण ते तपासलेलं नाही."

"सांगून टाक, डेस," चहाच्या खिडकीतून नोरीन म्हणाली. "मी संशोधक आहे, माझी परवानगी आहे."

मग डेसनं तेही सांगितलं. पोरं एका जागी गोळा होतात ते, आणि गाड्यांकडे पांगतात ते. सांगताना तो कोणाकडे बघत नव्हता, समोरच्या भिंतीवरच्या जुन्या संघांच्या फोटोंकडे बघत होता. त्यातल्या बऱ्याच जणांना त्यानं फोडी दिल्या होत्या. सांगून झाल्यावर बापमंडळींपैकी दोघांनी आपापल्या बुटांची पाहणी केली.

"त्यात चुकीचं काही नाही," कॉलिन एकदम म्हणाला. "मी खांबांमागे उभा असायचो. मला सगळ्या गाड्या ऐकू यायच्या."

कर्स्टीनं पेन उचललं, खाली ठेवलं. "मी एक केलं," ती म्हणाली. "तुझ्यासारखं लायब्ररीत नाही गेले. परवा सराव संपल्यावर मुलांना विचारलं."

चहाच्या खिडकीत कपबशी वाजली. नोरीननं काहीही म्हटलं नाही, आणि ते डेसला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"काय म्हणाली?" डेसनं विचारलं.

"डबा हवाय म्हणाली. सगळीच्या सगळी. जेलीचं पाकीट दाखवलं तर एकीनं विचारलं, हे डेस वाटणार का. नाही म्हटल्यावर तिनं परत दिलं." कर्स्टी कागदावर लिहायला लागली. "तेव्हा धोरणात मी 'फळ' असं लिहिते, आणि पुढे 'डेस' असं लिहिते. लीगला काय पुरावा मागायचा तो मागू दे, मी तुझे हे सायकलवाले पाठवून देईन. कोणाची हरकत?"

कोणाची नव्हती. डेसला वाटलं आता उभं राहून ते जुनं वाक्य, इतिहासाचं आणि मध्यंतराचं, म्हणून टाकावं. याहून चांगली वेळ येणार नव्हती. त्यानं घसा साफ केला. "माणसाच्या इतिहासात," तो म्हणाला.

"हां, आणि डेस," कर्स्टी लिहिता लिहिता म्हणाली, "मुलांनी एक विचारायला सांगितलंय. ती म्हणतात, इतकी वर्षं धावत येतो आम्ही. एकदा तरी त्या डब्यातून, झाकणावरच्या चित्रात आहे ते आण ना."